मदत हवी आहे: कुत्री उन्हाळी भाजीचे वाफे उकरतात

शेतघरावर दोन गावठी कुत्री आहेत. फेब्रुवारीअखेर 3 फूट रुंद गादीवाफ्यांवर भेंडी, काकडी, दोडक्याचं बी टोकलंय. एरंडी पेंड मुद्दाम टाळली. तिचा वास कुत्र्यांना ओढतो आणि तिच्यातल्या रिसिन या विषामुळे ती जिवावर बेतते. हाडांचा चुरा, मासळी खतही नाही. फक्त निंबोळी पेंड आणि पूर्ण कुजलेलं शेणखत. तरी दुपारी ओली, गार माती उकरून त्यात बसतात, वर ठिबकची 16 मिमीची नळी चावतात. वाफ्यावर कोंबडीजाळी आडवी अंथरली तर वेल तारेत गुंततात, खुरपणी अडते. सावलीत 4 बाय 4 फुटांचा ओल्या वाळूचा खड्डा दिला तर तिकडे वळतील का? नळी चावणं कशानं थांबतं? मिरचीपूड सुचवू नका, डोळ्यांत जाते.