विषय: सोलापूर मुक्काम, पेट्रोलचा खर्च किती धरावा?

न्यू जर्सीहून

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात पाच जण सोलापूरला. पुण्याहून येणं-जाणं, शिवाय तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, विजापूर. गाडी 1.2 लिटर पेट्रोल, कंपनी 22चं अ‍ॅव्हरेज सांगते. तेच धरू ना?

सोलापूरहून

ताई, 22 विसरा, तो चाचणीतला आकडा. पाच माणसं, डिकीभर बॅगा आणि एसी म्हटल्यावर 15 धरा. इथून एका बाजूचं अंतर तुळजापूर 45, अक्कलकोट 40, पंढरपूर 72, विजापूर 100, पुणे 250. प्रत्येक ठिकाणी जाऊन परत सोलापूर केलंत तर 1,014 किलोमीटर, म्हणजे 68 लिटर. लिटरला 105 धरले तर साधारण 7,100 रुपये. टोल वेगळा.

पंढरपूर मात्र शेवटच्या दिवशी ठेवा. दर्शन झालं की टेंभुर्णीला हायवेला लागा, तिथून सरळ पुणं. पंढरपूर-पुणे 210 धरा. 110 किलोमीटरचा फेरा टळतो, सात-साडेसात लिटर वाचतं. तुळजापूर-नळदुर्ग-अक्कलकोट एका दिवसात होतं. त्यात पेट्रोल फारसं वाचत नाही, पण किल्ला बघून होतो.

लंडनहून

एक पुस्ती. 'गॅलनला 40 मैल' म्हणाल तर गॅलन कुठला ते आधी ठरवा. अमेरिकन गॅलन 3.785 लिटर, म्हणजे 17चं अ‍ॅव्हरेज. आमचा 4.546, म्हणजे जेमतेम 14. शिवाय भारतात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरू शकतं.

सकाळी थंडीत भरलं तर पेट्रोल जास्त मिळतं, हे खरं का हो?

सोलापूरहून

नाही. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, आतलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. (इथेनॉलला नावं ठेवू नका, आमच्याच उसाचं आहे!)

खरं अ‍ॅव्हरेज काढायचं तर पुण्यातून निघताना टाकी भरा. नळी पहिल्यांदा 'टक्' करून बंद पडली की बस, आणि ट्रिप मीटर शून्यावर. सोलापुरात पुन्हा पहिल्या 'टक्'पर्यंत. किलोमीटर भागिले आता बसलेले लिटर. 'राउंड फिगर करा' म्हणून गळ्यापर्यंत भरलंत तर हिशेब बिघडतोच, वर पेट्रोल वाफ धरणाऱ्या डब्यात शिरून तो डबा खराब होतो.

टायरमधली हवा प्रवासाला निघण्याआधी, टायर गार असताना बघा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो, पाच माणसांचा आणि सामानाचा वेगळा दिलेला असतो. अडीचशे किलोमीटर पळून आल्यावर तापलेल्या टायरात तीन-चार पॉइंट जास्त दिसतात. ते काढून टाकले की रात्री टायर गार झाल्यावर हवा कमी पडते.

टपावर कॅरिअर लावू नका, हायवेला वाऱ्याचा अडथळा तिथंच जास्त. वेग 80-90 ठेवा. पुणे-सोलापूर शंभरच्या वर पळवून अर्धा तास वाचेल, पण 15चं अ‍ॅव्हरेज 13वर येईल.