मदत हवी आहे: कॅम्पर व्हॅनचा फ्रीज चालत्या गाडीत बंद पडतोय, अर्जंट!

रानवाट_७७
काल पहाटे पुण्याहून निघालो, तारकर्लीला चाललोय. कोल्हापूर सोडल्यापासून मागचा फ्रीज सारखा ट्रिप होतोय, परत चालू केला की दहा मिनिटं चालतो की पुन्हा बंद, वरचे दिवेपण मिणमिणतात. उभ्या गाडीत एकदम व्यवस्थित चालतो, मागच्या आठवड्यात दोन दिवस सलग चालवून बघितला होता. आत्ता फोंडा घाट उतरून कणकवलीच्या अलीकडे थांबलोय. काय करू? लवकर सांगा.

मोटारभाऊ
गाडी कुठली, मागे बॅटरी कुठली, ती चार्ज कशी होते, वायर किती जाडीची? "फ्रीज बंद पडतोय" एवढ्यावरून सांगायला मी ज्योतिषी नाही हो.

रानवाट_७७
व्हॅन आहे, डिझेल, कन्व्हर्ट करून घेतलीय. मागची बॅटरी १५० ॲम्पियर-अवरची. चार्ज इंजिनवरच होणार ना, अजून कशावर?

सुकटबोंबील
डायनॅमो (इंजिनवर वीज बनवणारा अल्टरनेटर) गेला. माझ्या जीपचं डिट्टो असंच होतं, कार्बन ब्रश बदलले आणि खेळ खल्लास. कणकवलीत करून मिळेल.

मोटारभाऊ
डायनॅमो गेला तर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. लागलाय का? आणि १५० ची म्हणजे लिथियम की लेड ॲसिड?

रानवाट_७७
लाल दिवा नाही. बॅटरी घरच्या इन्व्हर्टरची असते तसली, ट्यूबलर.

लिथियमवाला
इथेच सगळं आलं. काढून टाका ती. शंभरची लिथियम बसवा, वजन अर्ध्याहून कमी आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, ट्यूबलर अर्ध्याखाली उतरवली की आयुष्य घटतं.

मोटारभाऊ
अहो तो माणूस रस्त्यात उभा आहे आणि तुम्ही त्याला हजारोंची बॅटरी विकताय! आणि साध्या रिलेवर, म्हणजे इंजिन चालू झालं की दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या स्विचवर, लिथियम लावली तर ती रिकामी असताना इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो, मध्ये करंट आवरणारा डीसी टू डीसी चार्जर लागतो, ते सांगा की आधी.

लिथियमवाला
मी विकत नाही, अनुभव सांगतोय. तीन वर्षं चालवतोय, डीसी टू डीसी लावूनच.

मिशिगनकर
आम्ही इकडे भाड्याने आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) घेतो, त्यात फ्रीज तीन प्रकारे चालतो, प्लगवर, बॅटरीवर आणि प्रोपेनवर. बॅटरीची भानगडच नको, गॅसवर टाका. चालत्या गाडीत गॅस सुरू ठेवावा की नाही यावरून मात्र आमच्याकडे दरवेळी नवरा-बायकोत वाद होतो.

मोटारभाऊ
दादा, त्यांचा कॉम्प्रेसरवाला असणार, तो गॅसवर चालत नाही.

कायदेशीर_बोलू_काही
गाडीत असे बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघितलंत का? आरसीवर नोंद नसेल तर विमा कंपनी क्लेमच्या वेळी हात वर करते.

रानवाट_७७
आरसी नीट आहे हो, फ्रीज बोला! फ्रीजमध्ये आईचं इन्सुलिन आहे.

पेठेतली_मावशी
हे आधी सांगायचंत ना! मी फार्मसिस्ट आहे. वापरात असलेलं पेन बरेचदा ३० अंशांखाली चार आठवडे बाहेर चालतं, नक्की किती ते खोक्यातल्या कागदावर बघा. न उघडलेली पेनं मात्र थंडच हवीत. थर्मासमध्ये बर्फ टाका, पण पेनं रुमालात गुंडाळून ठेवा, बर्फाला चिकटवू नका, गोठलं की ते इन्सुलिन फेकायचं. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको.

रानवाट_७७
थर्मास आहे, बर्फ समोरच्या हॉटेलात मिळाला. आभारी आहे मावशी.

मोटारभाऊ
आता शांतपणे सांगा. उभ्या गाडीत दोन दिवस चालला म्हणालात, तेव्हा बाहेरून प्लग लावला होता का?

रानवाट_७७
हो अर्थात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लगवरच ना.

मोटारभाऊ
धन्य! म्हणजे उभ्या गाडीत बॅटरीवर कधी चालवलाच नाही. फ्रीज चार्जरच्या जिवावर चालत होता. म्हणजे इंजिनकडून मागे चार्जिंग पोचत नाहीये, बॅटरी उतरलीय आणि फ्रीज स्वतःला वाचवायला बंद होतोय. त्याच्यावर एच, एम, एल (हाय, मीडियम, लो) असं बॅटरी प्रोटेक्शन असेल, म्हणजे बॅटरी किती उतरली की बंद व्हायचं ते, तूर्त एल वर करा, तेवढाच थोडा वेळ जास्त चालेल. आणि मल्टीमीटर पैदा करा.

सुकटबोंबील
मीटर कशाला, पुढची इंजिनची आणि मागची, दोन्ही बॅटऱ्या जंपर केबलने सरळ जोडून टाका, मी तर कायमच्या जोडल्यात.

लिथियमवाला
आणि रात्री फ्रीजने पुढचीपण पिऊन टाकली की सकाळी गाडी ढकलायला तुम्ही येणार का तारकर्लीला?

सुकटबोंबील
येईन की, सुरमई खिलवणार असाल तर. तिकडे बाजारपेठेजवळ एक खाणावळ होती, आहे का अजून?

रानवाट_७७
एका वायरिंगवाल्या मिस्त्रींकडे आलोय, मीटर आहे त्यांच्याकडे. काय मोजायचं?

मोटारभाऊ
इंजिन चालू, थोडा रेस देऊन. एक, पुढच्या बॅटरीवर किती. दोन, मागच्यावर किती. तीन, मागच्या बॅटरीचा मायनस आणि पुढच्या बॅटरीचा मायनस, या दोघांमध्ये किती. तिसरं कुणी मोजत नाही आणि घोळ बहुतेक तिथेच असतो.

रानवाट_७७
पुढे १४.१ व्होल्ट, मागे १२.२, आणि दोन मायनसमध्ये १.६.

मोटारभाऊ
सापडलं. डायनॅमो ठणठणीत आहे. १.९ कमी पोचतायत आणि त्यातले १.६ एकट्या मायनसमध्ये जातायत. मागचा मायनस बॉडीला कुठे बोल्ट केलाय तो खोला.

रानवाट_७७
सीटखालच्या रंगावरच थेट बोल्ट मारला होता!! थिंबलच्या (वायरच्या टोकाच्या कडीच्या) आत रंगाचा थर तसाच. मिस्त्री हसत होते. सॅंडपेपरने घासून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर टाकून आवळलं, वरून ग्रीस. आता मायनसमध्ये ०.१५ आणि मागे १३.३५. अर्धा तास गाडी पळवली, फ्रीज चालू आहे.

लिथियमवाला
तरी प्लसच्या वायरमध्ये ०.६ जातायत. वायर किती?

रानवाट_७७
मिस्त्री म्हणतात ४ स्क्वेअर एमएम, लांबी ६ मीटरच्या आसपास.

लिथियमवाला
बारीक आहे. पंचवीस ॲम्पियरला तेवढी वायर बरोबर एवढेच व्होल्ट खाते. १६ ची टाका, दोन्ही टोकांना बॅटरीजवळ फ्यूज. ट्यूबलरला १४ च्या वर मिळाले नाहीत तर ती कधीच पूर्ण भरणार नाही.

मोटारभाऊ
यावर पहिल्यांदाच सहमत. आणि ट्यूबलर बसायच्या जागेत असेल तर हवा खेळती ठेवा, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. घट्ट बांधलीय ना?

रानवाट_७७
पट्टा आहे. हवेचं काही केलेलं नाही, खिडकी उघडी ठेवतो. ज्याने गाडी बनवली त्याला फोन केला तर म्हणतो सगळ्यांना असंच बसवतो, तक्रार कुणाची नाही. मिस्त्रींनी दीडशे घेतले, तेपण नको नको म्हणत.

कायदेशीर_बोलू_काही
बिल घेतलंत का?

सुकटबोंबील
खाणावळीचं राहिलंच.