मदत हवी आहे: जावामध्ये वजनानुसार ऑर्डरी लावताना पाव-अर्ध्या किलोचा क्रम चुकतो

सस्नेह नमस्कार,

इंदूरला राजवाड्याजवळ माझ्या मामांचे नमकीनचे दुकान आहे. तिथल्या ऑर्डरींसाठी मी जावामध्ये एक लहानसा प्रोग्राम लिहिला आहे. प्रत्येक ऑर्डर हा एक ऑब्जेक्ट असून त्यात गिऱ्हाइकाचे नाव, जिन्नस आणि किलोमधले वजन एवढीच फील्ड आहेत. लौंग शेव पाव किलोपासून तोलली जात असल्याने वजन डबल, म्हणजे अपूर्णांकही चालणाऱ्या, प्रकारचे ठेवले आहे. हलकी पाकिटे आधी बांधून व्हावीत, म्हणून यादी वजनाच्या चढत्या क्रमाने हवी आहे.

सॉर्टला दिलेल्या कम्पॅरेटरमध्ये, म्हणजे दोन ऑर्डरींतली आधी कोणती हे ठरवणाऱ्या भागात, मी पहिल्या ऑर्डरच्या वजनातून दुसरीचे वजन वजा करून उत्तर परत पाठवतो. तिथे इंट, म्हणजे पूर्णांकच, परत करावा लागत असल्याने कंपायलरने हरकत घेतली, तेव्हा वजाबाकीआधी कंसात इंट लिहून मी ती मिटवली. (पाणी बहुधा इथेच मुरत असावे.) ५, २ आणि ९ किलोच्या ऑर्डरी बरोबर लागतात, परंतु ०.७५, ०.२५ आणि ०.५ किलोच्या ऑर्डरी ज्या क्रमाने नोंदवल्या त्याच क्रमाने राहतात. त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की दिवाळीत दीडशेच्या वर ऑर्डरी झाल्यावर तुलनेची पद्धत नियम मोडते अशा अर्थाचा संदेश देऊन प्रोग्राम थांबला, आणि घरी दहा नोंदींवर तो कधीच थांबत नाही. मामांनी तेव्हापासून पुन्हा वही काढली आहे.

हे का होते, आणि समान वजनाच्या ऑर्डरींत आधी आलेली आधीच राहील याची खात्री कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

आपला संशय बरोबर आहे. डबलचे इंट करताना जावा अपूर्णांक सरळ गाळते, त्यामुळे एक किलोच्या आतला प्रत्येक फरक शून्य, म्हणजे ‘दोन्ही समान’, ठरतो. आता अर्धा, सव्वा आणि पावणेदोन किलो घ्या: अर्धा आणि सव्वा समान, सव्वा आणि पावणेदोनही समान, पण अर्धा मात्र पावणेदोनपेक्षा लहान! जावा ७ पासून वापरात असलेल्या टिमसॉर्ट या क्रम लावण्याच्या पद्धतीला यादीचे लावलेले तुकडे जोडताना ही विसंगती कधीकधी सापडते. ३२ पेक्षा कमी घटक असले तर तुकडे जोडण्याची वेळच येत नाही, म्हणून घरी ती दिसली नाही.

वजाबाकी काढून डबल.कम्पेअर ही तयार तुलना वापरा, किंवा जावा ८ पासून असलेले कम्पॅरेटर.कम्पेअरिंगडबल. समान वजनांचा मूळ क्रम ही सॉर्ट स्वतःच जपते. मी मात्र वजन ग्रॅममध्ये, पूर्णांकात ठेवले असते. तेव्हाही इंटिजर.कम्पेअरच वापरावे, कारण चिन्हे भिन्न असलेल्या मोठ्या संख्यांची वजाबाकी २१४७४८३६४७ ही इंटची कमाल मर्यादा ओलांडून उलट चिन्हाची होते.

मूळ प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. वजन ग्रॅममध्ये घेतले. २५०, ५००, ७५० आता नीट लागतात. मामांनी वही अजून गल्ल्याखालीच ठेवली आहे.