गणपतीची किरकोळ रोकड कशी सांभाळावी?

प्रश्न: सोसायटीच्या सांस्कृतिक समितीकडे 10,000 रुपये रोख असतात. फुलं, प्रसाद, टेम्पोभाडं तिघं मिळून भागवतात. विसर्जनानंतर हिशेब लागत नाही. काय करावं?

उत्तर 1: डबा एकाच्याच ताब्यात हवा. रोख अधिक व्हाउचर (प्रत्येक खर्चाची सही केलेली नोंद) मिळून कधीही मोजलं तरी 10,000 भरले पाहिजेत. रोख 2,000 वर आली की 8,000 ची व्हाउचर खजिनदाराला द्या आणि तेवढ्याच रकमेचा चेक घ्या. वर्गणी मात्र या डब्यात अजिबात नको, घोळ हमखास तिथेच होतो. पावती फाडा, पैसे थेट बँकेत.

उत्तर 2: फुलवाला बिल देत नाही, हे धरूनच चाला. व्हाउचरवर नुसतं ‘हारफुले 640’ लिहू नका. ‘झेंडूचे हार 2, दुर्वा 5 जुड्या’ असं लिहून आणणाऱ्याची सही घ्या. मांडववाल्याला 5,000 च्या वर रोख दिलीत तर त्याच्या पावतीवर 1 रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. उचल दिली की चिठ्ठी डब्यात. बिल आणि सुटे परत आले की ती फाडायची.

उत्तर 3: आणि यूपीआय? स्वतःच्या खात्यातून दिलेत तर स्क्रीनशॉटची प्रिंट व्हाउचरला टाचा, पैसे त्याच दिवशी डब्यातून घ्या. आठवडाभर राहिलं की तोच खर्च दोनदा लागतो.