मदत हवी आहे: पंचगंगेच्या पाणीपातळीचे आलेख कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवू?

नमस्कार मंडळी,
पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी जाहीर होते, तिचा आलेख मी पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या लायब्ररीने काढतो. पांढऱ्यावर निळी रेघ, ३९ फुटांवर इशारा पातळीची पिवळी, ४३ फुटांवर धोका पातळीची लाल. चिखली-आंबेवाडीकडची मंडळी जनावरं कधी हलवायची हे ठरवताना तो फोनवर बघतात. पुराच्या दिवसांत रेंजचे हाल असतात, म्हणून फाइल हलकी हवी. आणि आकडे स्वच्छ हवेत, यात तडजोड नाही.

जेपीजीची क्वालिटी उतरवली की अक्षरांभोवती करडे डाग येतात, ४३ की ४८ तेच कळत नाही. एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेघांचं वर्णन साठवणारा फॉरमॅट) एका आठवड्यापुरता झकास, पण २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या तासातासाच्या नोंदी शेजारी घेतल्या की फुगतो आणि जुन्या फोनवर अडकतो. पीएनजी सुरेख दिसतो, पण ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) जड होतो. काय करू?

प्रतिसाद १
भावा, पीएनजीच ठेव. जेपीजी फोटोसाठी आहे. तो ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत चित्र तोडून बारकावे गाळतो, त्यामुळे रेघेची कड जिथे एकदम बदलते तिथेच डाग पडतात. पीएनजी एकही पिक्सेल बदलत नाही, आणि सलग एकाच रंगाचा भाग फार छान दाबतो. तुझ्या आलेखात बहुतेक पांढरंच आहे.
३०० डीपीआय छपाईला लागतो. फोनसाठी १०० कर, पिक्सेल थेट नऊ पटीने घटतील. मग पिलो या पायथनच्या चित्रांच्या लायब्ररीत चित्र आरजीबी करून (पारदर्शकता काढून) क्वांटाइझ कर (रंग मोजकेच ठेव) म्हणजे पिक्सेलमागे चार बाइटऐवजी २५६ रंगांच्या तक्त्यातला एक क्रमांक राहतो. तीन रेघा आणि त्यांच्या कडांच्या छटा एवढ्यात आरामात बसतात. आकार किती उतरतो ते इथे नक्की टाक.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. वेबपी या फॉरमॅटमध्ये लॉसलेस (काहीही न गाळता) ठेवलं तर फाइल बहुधा आणखी लहान होईल, पण सेव्ह करताना लॉसलेस सांगावं लागतं, नाहीतर पिलो बारकावे गाळतो. गावात जुने फोन असतील तर मी पीएनजीच पाठवेन.
व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र फोटो म्हणून टाकू नका, तिथे ते पुन्हा दाबलं जातं आणि सगळी मेहनत वाया. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जुन्या वर्षांची चित्रं साठवण्यापेक्षा आकडे सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या तक्त्यात) ठेवा, आलेख हवा तेव्हा परत काढता येतो.