पबसब: काही शेतकऱ्यांना एसएमएस दोनदा जातोय, काहींना जातच नाही

यार्डातला_कोडर
नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीचं सॉफ्टवेअर मी बघतो. हळदीचा सौदा झाला, वजन झालं की पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब) तयार होते आणि त्याच वेळी पबसब या गूगल क्लाउडच्या मेसेज पोचवणाऱ्या सेवेच्या एका टॉपिकवर, म्हणजे वाहिनीवर, मेसेज टाकतो. तो मेसेज तीन प्रोग्रॅम उचलतात, एक शेतकऱ्याला एसएमएस पाठवतो, एक खतावणीत नोंद घालतो आणि एक वखारीचा स्टॉक बघतो. तिघांची सबस्क्रिप्शन (टॉपिकवरचे मेसेज घ्यायची आपापली रांग) वेगवेगळी आहेत, सगळं पायथनमध्ये आणि गूगलचीच लायब्ररी.

आवक कमी होती तोवर सगळं गपगुमान चाललेलं. आता सीझन लागल्यापासून गोंधळ सुरू झालाय. परवा एका काकांचा पेढीवर फोन, की मला मेसेज दोन आलेत, मग पैसे पण दोनदा येणार काय. मालक हसले पण माझ्याकडं बघून नाही हसले. आणि त्याच दिवशी दुसरा एकजण म्हणतो मला पट्टीचा मेसेजच नाही.

कॉलबॅकमध्ये (मेसेज आला की लायब्ररी चालवते ते फंक्शन) मी जेसन उलगडतो, गेटवेला एसएमएस देतो, मग डेटाबेसात 'पाठवला' अशी टिक करतो आणि शेवटी अॅक, म्हणजे काम झालं अशी पबसबला पोच. प्रोग्रॅम पडला तर सिस्टमडी परत उठवतं. एक्झॅक्टली-वन्स डिलिव्हरीचा (मेसेज एकदाच द्यायचा) पर्याय दिसतोय, तो चालू केला की विषय संपेल काय?

मिरज_जंक्शन
भावा हे दोन वेगळे आजार आहेत, एकाच गोळीनं जाणार नाहीत.

आधी न गेलेल्यांचं. एसएमएसचं सबस्क्रिप्शन अजून कुठं कुठं चालू आहे ते बघ. दोन प्रोग्रॅमनी एकाच सबस्क्रिप्शनला कान लावला की मेसेज दोघांत वाटले जातात, दोघांना एकेक कॉपी मिळत नाही. कॉपी पाहिजे तर सबस्क्रिप्शन वेगळं पाहिजे. कुणीतरी टेस्टिंगला म्हणून लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम लावून ठेवला असेल तर तो निम्मे मेसेज खाऊन बसणार. त्यात पायथनची लायब्ररी डीफॉल्टला एकावेळी १००० मेसेजपर्यंत आपल्याकडं ओढून ठेवते, म्हणजे एक विसरलेली खिडकी पण पुष्कळ नुकसान करते.

आता दोनदा जाण्याचं. पबसबचा मूळ करारच असा आहे की मेसेज किमान एकदा देणार, दोनदा येणार नाही असं ते म्हणतच नाहीत. त्यात तुझ्या कॉलबॅकचा क्रम बघ. एसएमएस गेला, मग डेटाबेसची टिक मारताना कनेक्शन तुटलं, एक्सेप्शन (एरर) कॉलबॅकच्या बाहेर आलं. अशा वेळी लायब्ररी तो मेसेज नॅक करते, म्हणजे काम झालं नाही, परत दे असं कळवते, आणि मेसेज ओढायचं चालू काम (स्ट्रीमिंग पुलचं फ्युचर) पण एक्सेप्शन देऊन पडतं, सिस्टमडी इमानानं प्रोग्रॅम परत उभा करतं, मेसेज परत येतो आणि काकांना दुसरा एसएमएस. लॉगमध्ये 'टॉप-लेव्हल एक्सेप्शन' शोध, सापडेल.

कृष्णाकाठ
राग मानू नका पण एका पेढीला एवढा पसारा कशाला? पट्टीच्या टेबलात एक 'एसएमएस गेला का' असा कॉलम टाका, दर मिनिटाला क्रॉन (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारं टूल) लावा, न गेलेले उचला आणि पाठवा. आमच्या एका दुकानदाराचं वर्षानुवर्षं असंच चालू आहे. नवीन काहीतरी शिकायचं म्हणून लोकांच्या पट्ट्यांवर प्रयोग नकोत.

यार्डातला_कोडर
@कृष्णाकाठ सगळं एकाच जागी असतं तर मीपण तेच केलं असतं. पण खतावणीचा कॉम्प्युटर यार्डात, वखार तिकडं लांब आणि तिथलं नेट दिवसातून किती वेळा जातं ते विचारू नका. नेट आलं की राहिलेले मेसेज आपोआप येतात, ते मला सोयीचं पडतं. न घेतलेले मेसेज सबस्क्रिप्शनवर डीफॉल्टला ७ दिवस राहतात.

@मिरज_जंक्शन दादा, बरोबर नेम लागला. ऑफिसच्या जुन्या पीसीवर एसएमएसचा प्रोग्रॅम टेस्ट मोडमध्ये चालू होता, म्हणजे एसएमएस न पाठवता नुसतं स्क्रीनवर छापायचा आणि वर अॅक पण करायचा. बंद केलाय. आता दुप्पटचं राहिलं. ते एक्झॅक्टली-वन्सचं सांगा की कुणीतरी.

कंदीपेढा
साताऱ्याहून. एक्झॅक्टली-वन्स फक्त पुल सबस्क्रिप्शनला (जिथं प्रोग्रॅम स्वतः मेसेज ओढून घेतो) मिळतं आणि ते पण क्लाउडच्या एका रीजनच्या, म्हणजे विभागाच्या, आत, शिवाय मेसेज पोचायला जरा जास्त वेळ लागतो. तुमचे प्रोग्रॅम क्लाउडच्या बाहेर, यार्डातल्या मशीनवर आहेत, म्हणजे रीजनचा एंडपॉइंट (जोडणीचा पत्ता) स्वतः ठरवून द्यावा लागेल. बरं एवढं करून काय मिळतं, तर ज्याचा अॅक पक्का पोचला तो मेसेज परत येत नाही. तुमचा एसएमएस अॅकच्या आधीच जातोय, मधे प्रोग्रॅम पडला तर मेसेज येणारच परत. आणि पेढीवरच्या पोरानं 'पट्टी सेव्ह' दोनदा दाबलं तर पबसबच्या दृष्टीनं ते दोन वेगळे मेसेज, दोघांचे आयडी वेगळे. म्हणून मेसेज आयडीवर दुप्पट ओळखायच्या भानगडीत पडू नका. पट्टी नंबर धरा. एक टेबल करा, पट्टी नंबर युनिक, आधी तिथं 'पाठवतोय' अशी ओळ घालायची, ओळ आधीच असेल आणि 'पाठवला' दिसत असेल तर गुपचूप अॅक करून पुढं. नुसतं 'पाठवतोय'वर अडकलेलं असेल तर गेटवेकडं विचारून बघायचं, आंधळेपणानं परत पाठवायचं नाही.

खतावणीच्या प्रोग्रॅमला तर हे आधी करा. एसएमएस दोनदा गेला तर हसं होतं, जमा दोनदा पडली तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आणि नंबरच चुकीचा असेल, लँडलाइन वगैरे, तर तो मेसेज नॅक होऊन गोल गोल फिरत राहतो. त्याला डेड लेटर टॉपिक लावा, ५ ते १०० मधला आकडा देता येतो, तेवढ्या प्रयत्नांनंतर मेसेज तिकडं जातो. पण त्या डेड लेटर टॉपिकला पण स्वतःचं सबस्क्रिप्शन पाहिजे हां, नाहीतर तिकडं गेलेला मेसेज कुणालाच दिसत नाही.

अजून एक, हे सीझनवाल्यांनी लक्षात ठेवायचं. मी कारखान्याच्या वजनकाट्याचं असंच काम केलंय. गाळप बंद झालं, काटा बंद, प्रोग्रॅम बंद. पुढच्या हंगामाला मोळी टाकायच्या तयारीत सगळे आणि इकडं सबस्क्रिप्शनच गायब! डीफॉल्टला ३१ दिवस काही हालचाल नसली की सबस्क्रिप्शन आपोआप उडतं. टॉपिक जागेवर, म्हणून पाठवणाऱ्या बाजूला एरर पण येत नाही. त्याच नावानं नवीन केलं तरी मधले मेसेज काही परत येत नाहीत. एक्स्पायरी 'कधीच नाही' करून टाका, आजच.

मिरज_जंक्शन
@कंदीपेढा हे ३१ दिवसांचं लई भारी सांगितलंत, आमच्याकडं पण एक बेदाण्याचं काम आहे, बघून येतो.

@यार्डातला_कोडर टेस्टिंगला एम्युलेटर, म्हणजे पबसबची नक्कल, वापर बाबा. गूगल क्लाउडच्या कमांड लाइन टूलमधूनच चालू होतो, जावा लागतं, डीफॉल्ट पोर्ट ८०८५. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्याचा पत्ता दिला की लायब्ररी खऱ्या क्लाउडकडं जातच नाही, तुझ्याच मशीनवर सगळं.

यार्डातला_कोडर
पट्टी नंबरचं टेबल केलं, एम्युलेटरवर प्रोग्रॅम मुद्दाम मधेच मारून बघितला, दुसरा एसएमएस नाही गेला. एक्स्पायरी पण काढली. आता शेवटचं विचारतो. कधीकधी पट्टीत दुरुस्ती होते, तोलाई नाहीतर हमालीचा आकडा बदलतो. दुरुस्तीचा मेसेज आधी आणि मूळ पट्टीचा नंतर, असं होऊ शकतं काय?

कंदीपेढा
होतं. ऑर्डरिंग की (एकच की असलेले मेसेज क्रमानं येतात) म्हणून पट्टी नंबर द्या. पब्लिशर क्लायंटला (मेसेज टाकणाऱ्या बाजूला) पण ऑर्डरिंग चालू करावं लागतं आणि सबस्क्रिप्शनला ते बनवतानाच, आहे त्या सबस्क्रिप्शनला मागून लावता येत नाही, म्हणजे नवीन बनवणं आलं. त्या कीचा एखादा मेसेज परत आला तर त्याच्या मागचे पण परत येतात, तुमचं टेबल आता आहे म्हणून काळजी नाही. पण मला विचाराल तर दुरुस्तीला सरळ आवृत्ती नंबर द्या, १, २, ३, आणि टेबलात पट्टी नंबर अधिक आवृत्ती युनिक ठेवा, नाहीतर दुरुस्तीचा एसएमएस पण जुनाच समजून गिळला जाईल. मोठी आवृत्ती आधीच नोंदली असेल तर लहान आली तरी सोडून द्यायची. ऑर्डरिंगची गरजच पडणार नाही.

कृष्णाकाठ
आवृत्तीचा कॉलम, युनिक टेबल... शेवटी आलात की टेबलावरच 😄

यार्डातला_कोडर
😄 आवृत्तीचंच करतो. नवीन सबस्क्रिप्शन सीझन संपल्यावर बघू, आत्ता चालू गाडीला हात लावला तर मालक मलाच पोत्यात भरतील.