भाची म्हणाली "आत्या, हा सेंट तुझ्या स्वभावाचा आहे", आणि मला त्याचा वासच येत नाही

राजेंद्रनगरची_आत्या

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. हसलात तरी उत्तर द्या.

माझी भाची बर्लिनला शिकते. दिवाळीत इंदूरला आली तेव्हा माझ्यासाठी 'मॉलिक्यूल ०१' नावाच्या सेंटची बाटली घेऊन आली. कंपनी एसेन्ट्रिक मॉलिक्यूल्स. बायका-पुरुष दोघांना चालतो म्हणे. देताना म्हणाली, "आत्या, दुकानात इतक्या बाटल्या हुंगल्या, हाच तुझ्या स्वभावाचा निघाला." मी खूश. ती गेल्यावर मनगटावर मारला. क्षणभर स्पिरिटसारखं काहीतरी, मग काही नाही. दुसऱ्या मनगटावर मारला. काही नाही. म्हणजे भाचीच्या मते माझ्या स्वभावाला वासच नाही?

अंदाज यावा म्हणून माझ्याबद्दल सांगते. वय ५३, बँकेत आहे. घरच्या लग्नात मला शोधायचं असेल तर कोठीघरात बघावं लागतं, आणि फोटोत मी बहुतेक अर्धीच येते. आजवर माझा सेंट म्हणजे मोगऱ्याचा गजरा आणि हळदीकुंकवाला कुणी हाताला लावतं ते अत्तर.

गंमत पुढे आहे. सासूबाई ७९ वर्षांच्या. मी जवळून गेले की विचारतात, "कुणी पेन्सिलीला टोक केलं का गं?" घरात पेन्सिल वापरणारं आता कुणी उरलेलं नाही. बँकेत कॅश काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, नवीन फर्निचर आलंय का?" आणि आमचे हे, ज्यांना पंचवीस वर्षांत मी नेसलेल्या साडीचा रंग सांगता आलेला नाही, ते परवा गाडीत म्हणाले, "काय लावलंयस? बरं वाटतंय." मला मात्र ढिम्म काही येत नाही. (नाक गेलं म्हणावं तर सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस कुठे खाली लागलाय ते मला चार दुकानं आधी कळतं.)

तेव्हा बाटली नकली आहे का? आणि हा सेंट नक्की कसल्या माणसाला शोभतो? भाचीला विचारायची हिंमत होत नाहीये.

देग_भपका

ताई, नाक शाबूत आहे आणि पेन्सिलीचा वास येतोय म्हणजे बाटलीही बहुधा खरी आहे.

नेहमीच्या सेंटमध्ये डझनावारी घटक असतात. तुमच्या बाटलीत अल्कोहोलाशिवाय वासाचा घटक एकच, आयसो ई सुपर. आयएफएफ या अमेरिकन कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी १९७३ च्या सुमारास तो प्रयोगशाळेत घडवला. निसर्गातल्या कुठल्या फुलात-लाकडात तो सापडत नाही. पुढे तीसेक वर्षं तो इतरांच्या पाठीमागे उभा राहून राबला. डियोरच्या १९८८ च्या फॅरेनहाइट या सेंटमध्ये तो भरपूर आहे, पण घेणाऱ्याला त्याचं नावही ठाऊक नसतं. (तुमच्या कोठीघरासारखंच की हो!) २००६ मध्ये गेझा शून या जर्मन परफ्यूमरनं त्याला एकट्याला बाटलीत भरून बाजारात आणलं, तोच हा ०१.

आता वास का येत नाही. काही जणांच्या नाकाला हा पदार्थ मुळातच फार क्षीण लागतो. ज्यांना लागतो त्यांचंही नाक थोड्या वेळात सरावतं. आपल्या घराचा वास आपल्याला कुठे येतो, पाहुण्याला दारातच येतो. तुम्ही त्या वासाच्या आत बसलेल्या असता, सासूबाईंना तो झुळकेसरशी मिळतो. आणि पेन्सिल म्हणजे त्यांनी नेमकं पकडलं. जुन्या चांगल्या पेन्सिलींचं लाकूड सीडरचं असायचं, आणि याचाही वास त्याच वळणाचा आहे, कोरडा आणि जरासा मखमली.

एक करून बघा. सुती रुमालावर दोन फवारे मारून तो झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी सेंट न लावता बाहेर एक चक्कर मारून या आणि मग डबा उघडा. पहिला श्वास काय तो खरा.

स्वभावाचं म्हणाल तर ज्याला दर दहा मिनिटांनी मनगट हुंगून खात्री करून घ्यायची असते त्याला हा कधी देऊ नये. तो वास येईपर्यंत फवारत राहील आणि लिफ्टमधल्या बाकीच्यांचे हाल होतील.

वाळ्याचा_पडदा

स्वभाव-बिभाव सगळ्या विकणाऱ्यांच्या गोष्टी. कातडी आणि हवा, या दोनच गोष्टी बघायच्या. इंदूरच्या मे महिन्यात दुपारी काय टिकतं ते सांगा. आमच्याकडे उत्तर एकच, खस.

आणि हे "दोघांना चालतो" काय नवीन आहे? १९९४ मध्ये सीके वन नावाचा सेंट आला तेव्हाही असाच डंका पिटला होता. माझे आजी-आजोबा एकाच कुपीतलं खस लावायचे. आजोबा कानात फाया खोचायचे, आजी पदराच्या टोकाला लावायची, एवढाच फरक. अत्तराला कधी लिंग नव्हतं. कन्नौजला भाजलेली माती तांब्याच्या देगेत घालून तिचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात. पहिल्या पावसाचा वास कुपीत येतो. ते सोडून एका रसायनासाठी एवढे पैसे?

देग_भपका

दादा, मिट्टी अत्तरापुढे मीही हात जोडतो, माझं नाव बघा की, अत्तर काढायच्या भांड्यांचंच आहे. पण याच कंपनीचा २०१० चा ०३ वेटिव्हेरिल अ‍ॅसिटेटचा आहे, आणि ते तुमच्या वाळ्याच्याच तेलापासून करतात. आजोबांना आवडला असता.

वाळ्याचा_पडदा

आजोबांनी आधी किंमत विचारली असती.

रामबाग_ज्युनियर

आत्या, माझा हॉस्टेलचा पार्टनर ०१ लावतो. तो एवढा बडबड्या आहे की भिया, झोपेतही बोलतो. तेव्हा शांत माणसाचा सेंट वगैरे थिअरी माझ्याकडे तरी फेल आहे. त्याच्यावर छान येतो पण.

राजेंद्रनगरची_आत्या

सगळ्यांचे आभार. डब्याचा प्रयोग केला. (लोणच्याचा डबा घेतला नाही, एवढी अक्कल होती.) सकाळी गच्चीवर जाऊन आले, झाकण उघडलं आणि आला! आईच्या माहेरी एक लाकडी पेटी होती, तिच्यात उन्हाळ्यात शालजोड्या ठेवायचे. ती उघडल्यावर यायचा तसा. दुसऱ्या श्वासाला गेला. मी पाच मिनिटं रुमाल नाकाला लावून उभी होते, शेजारणीला वाटलं मी रडतेय.

वाळ्याचा पडदा, खसचं मान्य. उन्हाळ्यात आणीनच. पण रविवारी सानंद संस्थेच्या नाटकाला हा लावून गेले होते. मध्यंतरात मागच्या रांगेतल्या बाई उठून विचारायला आल्या, आणि आमचे हे माझ्याआधी म्हणाले, "मॉलिक्यूल झीरो वन." पाठ केलं होतं! दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जाताना तेच दोन फवारे मारून जातात.

शेवटी भाचीला फोन केला. म्हटलं, माझा स्वभाव म्हणजे नक्की काय गं? ती म्हणाली, "आत्या, तू घरात असलीस की कुणाच्या लक्षात येत नाही. गावाला गेलीस की सगळे विचारतात, आज काय चुकल्यासारखं वाटतंय?" हे कौतुक धरावं की तक्रार, दोन दिवस ठरत नाहीये.

सासूबाईंना सांगितलं की पेन्सिल नव्हे, सेंट आहे. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री उशाशी ठेवायचा रुमाल पुढे केला आणि म्हणाल्या, "दोन मार. आणि त्याला सांगू नकोस, तो संपवेल."